छायाचित्राचा तर्क आणि ऊतकाची साक्ष

मानवी शरीरात असा एक प्रदेश आहे की, ज्याच्या प्रत्येक मिलिमीटरावर जीवनावश्यक अशा कोणत्या ना कोणत्या कार्याचा ताबा आहे, आणि ज्याच्या वाटेस जाण्याचे धाडस शस्त्रवैद्यांनी विसाव्या शतकाचा बराच काळ लोटेपर्यंत सहसा केले नाही. मेंदूचे दोन गोलार्ध आणि पाठीच्या कण्यातून जाणारी मज्जारज्जू यांना जोडणारा, सात-आठ सेंटीमीटर लांबीचा हा भाग म्हणजे मस्तिष्कस्तंभ. मध्यमस्तिष्क, सेतू आणि लंबमज्जा असे त्याचे वरून खाली तीन खंड आहेत. श्वासाची लय, हृदयाची गती, रक्तदाब, जागृती आणि निद्रा यांचा कारभार येथूनच चालतो; मेंदूतून निघणाऱ्या नाड्यांच्या बारा जोड्यांपैकी दहांची केंद्रे येथे आहेत; आणि हातापायांना हुकूम पोहोचविणारे व त्यांच्याकडून संवेदनेची वर्दी आणणारे सर्व तंतू याच अरुंद वाटेने जातात. अशा ठिकाणी एखादी गाठ किंवा सूज उद्भवली, तर तिचे स्वरूप निश्चित करण्यासाठी तेथे सुई घालून कणभर ऊतक काढून आणावे, म्हणजेच बायॉप्सी करावी, की नाही, हा प्रश्न गेली चाळीस वर्षे मेंदूशास्त्रज्ञांपुढे आहे. आणि प्रौढ रुग्णांच्या बाबतीत त्याचे जे उत्तर आज मिळाले आहे ते सामान्य वाचकापर्यंत पोहोचलेले नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

समजा, चाकणच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्यात पाळीने काम करणाऱ्या चाळिशीतल्या कामगाराला मोजपट्टीवरील रेघा दोन दोन दिसू लागल्या. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून तो प्रथम नेत्रवैद्याकडे जातो. काही आठवड्यांनी पाणी पिताना ठसका लागतो, पाणी नाकावाटे येते, म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची पायरी चढतो. पुढे चेहऱ्याची एक बाजू ओढल्यासारखी होते, चालताना तोल जातो, आणि मग कोणीतरी जाणता डॉक्टर एमआरआय काढावयास सांगतो. पिंपरी-चिंचवडमध्ये एमआरआयचे यंत्र आता दुर्मिळ राहिलेले नाही. दुसऱ्या दिवशी अहवाल हाती येतो, आणि त्यात ‘सेतूमध्ये पसरलेली गाठ, बहुधा ग्लायोमा’ अशा अर्थाचे एक वाक्य असते. ग्लायोमा म्हणजे मेंदूतील आधारपेशींचे अर्बुद. घरातील शिकलेला मुलगा किंवा पुतण्या तो शब्द मोबाइलवर शोधतो, लहान मुलांच्या असाध्य अर्बुदाची माहिती वाचतो, आणि त्या रात्रीपासून ते घर जणू निकाल लागल्यासारखे वागू लागते. वस्तुतः त्या अहवालातील ‘बहुधा’ हा शब्द तो लिहिणाऱ्या क्ष-किरणतज्ज्ञाने प्रामाणिकपणे योजलेला असतो. एमआरआय हा पाण्याच्या रेणूंच्या वर्तनावरून रचलेला, उजेड-अंधाराच्या छटांचा नकाशा आहे. गाठ कोठे आहे, केवढी आहे, कोणत्या बाजूस सरकते आहे हे तो उत्तम सांगतो, पण ती कशाची आहे याविषयी तो केवळ तर्क करू शकतो.

हा तर्क मुलांच्या बाबतीत बराच भरवशाचा ठरतो, आणि घोटाळ्याचे मूळही तेथेच आहे. पाच-सात वर्षांच्या मुलाच्या सेतूमध्ये, तो सारा फुगवून टाकणारी, सीमा नसलेली सूज एमआरआयवर दिसली आणि लक्षणे थोड्या आठवड्यांत वाढलेली असली, तर निदान जवळजवळ निश्चित असते. १९९३ साली अमेरिकेतील बालकर्करोग संशोधन-गटाने तर अशा मुलांत बायॉप्सीची जागा एमआरआयने घ्यावी अशी स्पष्ट शिफारस केली, आणि ती बहुतेक जगाने मान्य केली. परंतु मुलांसाठी केलेला हा ठराव प्रौढांनाही लागू आहे असे पुष्कळांनी परस्पर गृहीत धरले, त्याला मात्र तितका आधार नव्हता. प्रौढांच्या मस्तिष्कस्तंभातील गाठ ही एका रोगाची नव्हे, अनेक रोगांची खूण असू शकते: ग्लायोमा असेल, लसीका पेशींचे अर्बुद असेल, फुप्फुसातून किंवा स्तनातून आलेल्या कर्करोगाची वसाहत असेल, पू साचलेला असेल, नाड्यांवरील आवरण झिजविणारा दाह असेल, रक्तवाहिन्यांचा विकार असेल, किंवा डुकरातील पट्टकृमीच्या अंड्यांमुळे झालेली गाठ असेल. आणि आपल्या देशात, जेथे जगातील एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश राहतात, तेथे ती क्षयाची गाठ असण्याचा संभव कोणत्याही शहाण्या डॉक्टराने दृष्टीआड करता कामा नये.

क्षयाचा उल्लेख निघाला असता पिंपरीकरांस एक गोष्ट आठवावी. आज ज्या परिसराची ओळख मोटारी आणि त्यांचे सुटे भाग यांवरून होते, त्याच्या औद्योगिक जीवनाच्या प्रारंभकाळी तेथे उभा राहिलेला एक मोठा सरकारी कारखाना औषधांचा होता. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने पिंपरीत प्रथम पेनिसिलीन आणि पुढे स्ट्रेप्टोमायसीन तयार केले. आणि स्ट्रेप्टोमायसीन हे तर क्षयाच्या जंतूवर निश्चितपणे चालणारे पहिले औषध. ज्या रोगावरील औषध याच भूमीवर तयार होत होते, त्या रोगाने ग्रस्त झालेल्या माणसाला, केवळ गाठ अडचणीच्या जागी आहे म्हणून आणि चित्रावरून ती कर्करोगासारखी वाटते म्हणून, क्षयाची औषधे न देता किरणोपचार द्यावेत किंवा नुसते घरी पाठवावे, याहून दुःखद अन्याय कोणता असू शकेल? मस्तिष्कस्तंभातील क्षयगाठ वर्ष-दीड वर्षाच्या गोळ्यांनी, सुरुवातीस सूज उतरविणाऱ्या स्टेरॉइडची जोड देऊन, बहुतांशी विरून जाते. तोच रुग्ण त्याच चित्रानिशी ‘बहुधा ग्लायोमा’ या सदरात पडला, तर त्याच्या आयुष्याची दिशाच वेगळी होते.

या प्रश्नाची शहानिशा करण्यात भारतीय शस्त्रवैद्यांचा वाटा मोठा आहे, आणि तो मला मुद्दाम नोंदवावासा वाटतो. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४९ साली डॉ. जेकब चँडी यांनी देशातील पहिला मेंदूशस्त्रक्रिया विभाग सुरू केला. त्याच विभागातील डॉ. वेदांतम राजशेखर आणि डॉ. मॅथ्यू चँडी यांनी १९९५ साली मस्तिष्कस्तंभातील गाठींच्या ७१ रुग्णांवर सीटी स्कॅनच्या साहाय्याने केलेल्या सुईच्या शस्त्रक्रियांच्या लाभहानीचा हिशेब जगापुढे मांडला. मस्तिष्कस्तंभात एकट्याच गाठीच्या रूपाने प्रकट होणाऱ्या क्षयगाठींवरही त्यांनी स्वतंत्रपणे लिहिले. पुढे बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने ऐंशीहून अधिक रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला आणि त्यात मुले व प्रौढ यांच्यातील रोगांचा फरक वेगळा काढून दाखविला. म्हणजे पाश्चात्त्य देशांत श्वेतवर्णीय रुग्णांवरून काढलेले निष्कर्ष आपण उसने घेतले आहेत, असे या बाबतीत म्हणता येणार नाही.

आता ही सुई तेथे जाते तरी कशी, हे पाहू. कारण भीतीचा पुष्कळसा भाग त्या कल्पनेतच आहे. चाकण-भोसरीच्या यंत्रशाळेत ज्याने काम केले आहे त्याला हे समजण्यास फारसे कष्ट पडणार नाहीत. तेथे जॉब टेबलावर फिक्स्चरमध्ये घट्ट बांधतात, झिरो घेतात, आणि मग लांबी, रुंदी, उंची या तीन अक्षांवरील आकड्यांनी यंत्राला सांगतात की, अमुक ठिकाणी, अमुक खोलीवर भोक पाड. कारागीर डोळ्यांनी जागा शोधत बसत नाही. डोक्याच्या शस्त्रक्रियेत हेच तत्त्व वापरतात. रुग्णाच्या कवटीवर, त्वचा बधिर करून, चार टोकदार खिळ्यांनी एक धातूची चौकट पक्की करतात. तिच्यासकट सीटी किंवा एमआरआय काढतात, म्हणजे चौकटीवरील खुणा आणि आतील गाठ एकाच चित्रात येतात. आणि मग गाठीतील कोणताही बिंदू चौकटीच्या संदर्भात तीन आकड्यांत मांडता येतो. लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्स्ले आणि रॉबर्ट क्लार्क यांनी १९०८ साली प्राण्यांच्या मेंदूच्या अभ्यासासाठी अशा प्रकारचे यंत्र वर्णिले. १९४७ साली फिलाडेल्फियात स्पीगेल व वायसिस यांनी ते माणसावर वापरले. १९४९ साली स्टॉकहोमच्या लार्स लेक्सेल यांनी आपली कमानीची चौकट प्रसिद्ध केली, जिच्या सुधारलेल्या आवृत्त्या आजही जगभर वापरात आहेत. परंतु गाठ प्रत्यक्ष दिसण्याची सोय १९७१ साली सीटी स्कॅनचा पहिला रुग्ण तपासला गेल्यानंतरच झाली, आणि मस्तिष्कस्तंभाचे दार खऱ्या अर्थाने त्यानंतरच उघडले.

वाटा मुख्यतः दोन. पहिली कपाळाच्या वर, केसांच्या रेषेमागे छोटे छिद्र पाडून, मेंदूच्या गोलार्धातून तिरकी खाली उतरते आणि मध्यमस्तिष्कातून सेतूपर्यंत पोहोचते. अंतर दहा सेंटीमीटरांहून अधिक, पण ही वाट मेंदूतील तंतूंच्या दिशेने जाते. दुसरी मानेच्या वर, डोक्याच्या मागच्या बाजूने, लहान मेंदू आणि त्याला सेतूशी जोडणारा जाड देठ यांतून आडवी जाते. ती आखूड आहे आणि सेतूच्या बाजूकडील गाठींना सोयीची आहे. संगणकाच्या पडद्यावर शस्त्रवैद्य आदल्या दिवशी ही वाट आखतो, ती कोणत्याही रक्तवाहिनीला ओलांडत नाही आणि मेंदूतील पोकळ्यांतून विनाकारण जात नाही याची खातरजमा करतो, आणि मग तिच्याप्रमाणेच चौकटीवरील आकडे लावतो. सुईची जाडी दोन मिलिमीटरांच्या आसपास. टोक बोथट, आणि टोकाजवळ कडेला एक खिडकी, जिच्यात किंचित ओढीने ऊतक येते व आतील नळी फिरवून ते अलगद कापले जाते.

पुष्कळ ठिकाणी ही शस्त्रक्रिया रुग्ण जागा असतानाच करतात. हे ऐकून अंगावर काटा येणे साहजिक आहे, पण मेंदूच्या ऊतकाला स्वतःला वेदना नसते, आणि जागा रुग्ण हा शस्त्रवैद्याचा सर्वांत विश्वासू पहारेकरी असतो: ‘डोळे उजवीकडे वळवा, जीभ बाहेर काढा, मूठ आवळा’ असे सांगत सांगत सुई पुढे सरकते, आणि कोठे काही बिघडले तर ते त्याच क्षणी कळते. काढलेला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा तेथेच काचपट्टीवर चिरडून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ऊतक विकृत आहे असा विकृतिवैज्ञानिकाचा होकार आल्याशिवाय चौकट काढत नाहीत. माझ्या मते या साऱ्या कार्यात ज्याच्या कौशल्याची सर्वांत कमी वाहवा होते तो हा सूक्ष्मदर्शकापाशी बसलेला डॉक्टर. कारण एवढ्याशा तुकड्यावरून अर्बुद, दाह आणि क्षय यांचा निवाडा करणे हे सुई चालविण्याइतकेच अवघड आहे, आणि त्याच्याविना ती सुई व्यर्थ आहे.

जोखमीचे आकडे आता सांगावयास हवेत. २००३ साली उझ्मा समदानी आणि केव्हिन ज्यूडी यांनी तोपर्यंतच्या २९३ शस्त्रक्रियांचा एकत्र विचार केला. त्यात ९४ टक्के रुग्णांत निदान झाले, चार टक्क्यांना तात्पुरता आणि एक टक्क्याला कायमचा दोष आला. २०१३ साली जर्मनीतील किकिंगरेडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८ अभ्यासांतील १,४८० शस्त्रक्रिया, मुले आणि प्रौढ दोन्ही धरून, तपासल्या. निदान ९६.२ टक्क्यांत झाले, सुमारे ७.८ टक्के रुग्णांत काही ना काही नवा दोष निर्माण झाला, पण कायमचा दोष १.७ टक्क्यांत राहिला, आणि मृत्यू ०.९ टक्क्यांचा झाला. म्हणजे अशा हजार रुग्णांत नऊ जण शस्त्रक्रियेमुळे दगावतात आणि सतरा जणांना दुहेरी दिसणे, चेहऱ्याचा किंवा हातापायाचा अशक्तपणा अशासारखे काही कायमचे राहते. ही जोखीम नगण्य आहे असे मी म्हणणार नाही. ज्याच्या घरातील माणूस त्या नवांत आहे त्याला टक्केवारी सांत्वन देत नाही. शिवाय हेही लक्षात ठेवावे की, जे शस्त्रवैद्य आपले आकडे प्रसिद्ध करतात ते बहुधा या कामात मुरलेले असतात. त्याच जर्मन अभ्यासात असेही आढळले की, जेथे वर्षाकाठी अशा शस्त्रक्रिया अधिक होतात तेथे निदानाचे यशही अधिक असते. तेव्हा ‘ही शस्त्रक्रिया सुरक्षित आहे काय’ या प्रश्नाऐवजी ‘ती येथे, या हातांनी, किती वेळा झाली आहे’ हा प्रश्न रुग्णाच्या नातेवाइकांनी निःसंकोच विचारावा. चांगला डॉक्टर त्याने दुखावत नाही.

बायॉप्सी प्रत्येकालाच हवी असे मात्र नाही, आणि ती कोठे करू नये हे जाणण्यात निम्मे शहाणपण आहे. एमआरआयवर रक्तवाहिन्यांच्या गुंत्याची विशिष्ट खूण दिसत असेल, तर तेथे सुई घालणे म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. छातीच्या स्कॅनमध्ये फुप्फुसाची गाठ किंवा मानेत वाढलेली लसीकाग्रंथी सापडली, तर प्रथम तेथील तुकडा घ्यावा. तो सोपा, आणि उत्तर बहुधा तेच. रक्तातील प्रतिपिंडे, एचआयव्हीची चाचणी, पाठीतून काढलेले मेंदूचे पाणी यांच्या तपासणीने जे उलगडते त्यासाठी डोक्याला छिद्र पाडू नये. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल अशी रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ती डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी थांबवावी लागतात. आणि ही औषधे चालू आहेत हे सांगावयास घरचे लोक विसरतात, कारण ती ‘हृदयाच्या डॉक्टरांची’ असतात.

आणखी एक इशारा द्यावयाचा आहे, तो गावोगावच्या दवाखान्यांसाठीही. मेंदूत सूज दिसली की लगेच स्टेरॉइडचे इंजेक्शन सुरू करण्याची प्रथा आहे, आणि जीव धोक्यात असेल तेथे ती योग्यही आहे. परंतु गाठ लसीका पेशींच्या अर्बुदाची असेल, तर स्टेरॉइडने ती काही दिवसांत तात्पुरती विरघळते. मग सुईने काढलेल्या तुकड्यात काहीच सापडत नाही, सर्वांना बरे वाटते, आणि काही आठवड्यांनी ती पुन्हा उभी राहते. हे अर्बुद मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांच्या मोठ्या मात्रेस चांगला प्रतिसाद देते, आणि म्हणूनच ते नेमके ओळखणे महत्त्वाचे आहे. जेथे दोन-चार दिवस थांबणे शक्य आहे तेथे बायॉप्सी आधी, स्टेरॉइड मागाहून, हा क्रम पाळावा.

आणि ऊतकाची साक्ष शेवटी ग्लायोमाचीच निघाली तर? तरीही ती व्यर्थ गेली असे नाही. फ्रान्समधील डॉक्टरांनी २००१ साली प्रौढांतील मस्तिष्कस्तंभाच्या ४८ ग्लायोमा-रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मंदगती, पसरलेल्या प्रकाराच्या रुग्णांचे मध्यक आयुष्य सात वर्षांहून अधिक होते, आणि तीव्र प्रकारात ते वर्षभरही नव्हते. या दोन प्रकारच्या रुग्णांच्या कुटुंबांनी आपल्या मुलांच्या शिक्षणाची, घराच्या हप्त्यांची, नोकरीची तजवीज एकाच तऱ्हेने करावी काय? पुढे २०१२ साली असे उघडकीस आले की, मेंदूच्या मध्यरेषेवरील पुष्कळशा तीव्र ग्लायोमांत एच३ नावाच्या प्रथिनाच्या जनुकात एक ठराविक बदल असतो. २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात या बदलावर आधारलेला स्वतंत्र प्रकार आला, आणि २०२५ साली अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी हा बदल असलेल्या व उपचारांनंतरही वाढलेल्या अर्बुदांसाठी डॉरडाव्हिप्रोन हे औषध प्रथमच मंजूर केले. ते रोग बरा करीत नाही. काही रुग्णांत गाठ काही काळ आटोक्यात येते. पण ते कोणास द्यावे हे ऊतकाविना ठरविता येत नाही.

आता उपचाराच्या सोयींविषयी. पिंपरी-चिंचवड महानगरपालिका १९८२ साली अस्तित्वात आली, तेव्हा ज्या वस्तीला मेंदूच्या डॉक्टरासाठी पुण्यास जावे लागे, तिच्याजवळ आज संत तुकारामनगरात महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, त्याच परिसरात डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय आहे, थेरगावात आदित्य बिर्ला रुग्णालय आहे, आणि चिंचवडच्या मोहननगरात कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे. १९४८ च्या कायद्याने उभी राहिलेली ही विमा योजना कंत्राटी कामगारासही लागू होते. २०१७ साली तिची वेतनमर्यादा मासिक एकवीस हजार रुपये ठरविण्यात आली, आणि ज्याच्या पगारातून तिची वर्गणी कापली जाते त्याला मोठ्या रुग्णालयाकडे पाठविण्याची तरतूद तीत आहे. चाकणच्या पट्ट्यात ठेकेदारामार्फत काम करणाऱ्या पुष्कळांना आपल्या नावावर विमा क्रमांक आहे हेच ठाऊक नसते. त्याशिवाय राज्य शासनाची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ज्या वेळी आजार अशा वळणावर येतो, त्या वेळी विमापत्र, शिधापत्रिका आणि आधार यांची जुळणी आधी करून ठेवणे हेही उपचाराचेच अंग आहे.

बायॉप्सी झाल्यावर साधारणतः त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा एक सीटी काढून रक्तस्राव झाला नाही ना हे पाहतात, आणि रुग्णाला एक रात्र दक्षता विभागात ठेवतात. प्राथमिक मत लगेच मिळते, पण अंतिम अहवालास रंगक्रिया आणि जनुकीय चाचण्या यांमुळे अनेक दिवस लागतात. या मुदतीत उपचार सुरू झाले नाहीत म्हणून त्रागा करू नये. अहवालाच्या कागदाबरोबर एक वस्तू मात्र अवश्य मागून घ्यावी, किंवा ती कोणाच्या ताब्यात आहे याची नोंद तरी करून घ्यावी: मेणाच्या ठोकळ्यात जतन केलेले ते ऊतक. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणी दुसरे मत घ्यावयाचे झाले, तर तेथील विकृतिवैज्ञानिक प्रथम काचपट्ट्या आणि हाच ठोकळा मागतात. आणि आज उपलब्ध नसलेली एखादी चाचणी दोन वर्षांनी निघाली, तर पुन्हा सुई न घालता ती याच ठोकळ्यावर करता येते.